सालदाराची उचल आणि कापसाची गाठ : खान्देशातील ऋणबद्ध श्रमाचा इतिहास व आधुनिक गुलामगिरीच्या प्रतिबंधाचा प्रश्न

सारांश

उद्योगसंस्थांनी आपल्या कामकाजातून आणि पुरवठा साखळीतून आधुनिक गुलामगिरीचे उच्चाटन करावे, अशी अपेक्षा एकविसाव्या शतकात अनेक देशांच्या कायद्यांतून व्यक्त झाली आहे. ही अपेक्षा नवीन वाटत असली तरी तिच्यामागील प्रश्न खान्देशाला नवीन नाही. शिरपूर-शहादा परिसरातील सालदारकी, तिच्याविरुद्ध १९७० च्या दशकात झालेली आदिवासींची चळवळ, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आणि दक्षिण गुजरातकडे होणारे ऊसतोड मजुरांचे स्थलांतर यांचा इतिहास या प्रश्नावर प्रकाश टाकतो. कापसाच्या मालाचा माग ठेवण्याची व्यवस्था या प्रदेशात दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाली. मात्र त्या मालामागील श्रमाच्या कर्जाचा माग कोणीही ठेवला नाही, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सालदार, उचल, वेठबिगार, पुरवठा साखळी, आधुनिक गुलामगिरी, खान्देश, शहादा चळवळ.

१. प्रस्तावना

शिरपूर हे तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याच्या दक्षिण भागात तापीकाठची काळी, सुपीक जमीन तर उत्तरेस भिल्ल व पावरा समाजाची डोंगराळ वस्ती असून मुंबई-आग्रा महामार्ग येथूनच सेंधव्याकडे जातो. कापूस हे येथील पूर्वापार नगदी पीक होय. जिनिंग, सूतकताई व वस्त्रोद्योग यांच्यामुळे येथील शेताचा संबंध दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला आहे. शेतकऱ्याने विकलेला कापूस खेडा खरेदीदार, जिनिंग-प्रेसिंग कारखाना, सूतगिरणी, कापड व तयार कपडे अशा टप्प्यांतून जात परदेशातील दुकानापर्यंत पोहोचू शकतो. या साखळीच्या एका टोकाला बहुराष्ट्रीय कंपनी असते आणि दुसऱ्या टोकाला कापूस वेचणारी मजूर स्त्री किंवा मालकाच्या शेतावर वर्षभर राबणारा सालदार असतो.

या दुसऱ्या टोकावरील श्रम मुक्त आहे किंवा नाही, हे कसे ओळखावे, असा प्रश्न आज उद्योगजगतासमोर आहे. त्याचे उत्तर शोधताना व्यवस्थापनशास्त्राच्या बरोबरीने इतिहासाचीही मदत घ्यावी लागते. प्रस्तुत निबंधात तोच प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खान्देशातील ऋणबद्ध श्रमाच्या ऐतिहासिक स्वरूपाचा आढावा घेणे.
२) या श्रमपद्धतीसंबंधी झालेले कायदे व चळवळी यांचे मूल्यमापन करणे.
३) या इतिहासाच्या आधारे, कंपन्यांच्या पुरवठा साखळीतील गुलामगिरी रोखण्याच्या सध्याच्या उपायांची मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांच्या तरतुदी, न्यायनिर्णय आणि उपलब्ध संशोधनपर लेखन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. विवेचनाचे क्षेत्र प्रामुख्याने पूर्वीचा पश्चिम खान्देश, म्हणजे आजचे धुळे व नंदुरबार हे जिल्हे, असे आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यामुळे १९७० च्या दशकातील शहाद्याचा उल्लेख धुळे जिल्ह्यातील तालुका म्हणून येतो.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

‘गुलामगिरी’ हा शब्द उच्चारताच खरेदी-विक्री होणारा, साखळदंडाने बांधलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘आधुनिक गुलामगिरी’ या संज्ञेत मात्र सक्तीचे श्रम, ऋणबद्धता, मानवी अपव्यापार व सक्तीचा विवाह यांचा समावेश केला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या २९ व्या कराराने सक्तीच्या श्रमाची व्याख्या करताना दोन घटक महत्त्वाचे मानले : शिक्षेची धमकी आणि स्वेच्छेचा अभाव. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. याच संघटनेने सहयोगी संस्थांसह २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामगिरीत होते व त्यांपैकी सुमारे २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात होते.

मराठीत ‘वेठबिगार’ हा शब्द मूळ अर्थाने विनामोबदला करून घेतलेल्या सक्तीच्या कामासाठी वापरला जातो. कर्जापोटी बांधून घेतलेला मजूर ही त्याहून थोडी वेगळी संकल्पना आहे. या मजुराला काही मोबदला मिळतो, परंतु कर्ज फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नाही आणि कर्ज केव्हा फिटले हे ठरविण्याचा अधिकार धनकोकडे असतो. खान्देशातील प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा आहे. म्हणून येथे ‘ऋणबद्ध श्रम’ ही संज्ञा वापरली आहे.

३. कापसाची साखळी व मालाची पारख

खान्देश १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आला. सातपुड्यातील भिल्लांचा प्रतिकार मोडून काढण्यासाठी व त्यांना नोकरीत सामावून घेण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. पुढे शेतीचा विस्तार, जंगलावरील निर्बंध आणि सावकारी व्यवहार यांमुळे सपाटीवरील भिल्ल शेतकऱ्यांच्या जमिनी हळूहळू इतरांच्या हाती गेल्या. जमीन गमावलेला कसणारा पुढे त्याच शेतावर मजूर म्हणून राबू लागला. ऋणबद्ध श्रमाची पार्श्वभूमी अशी तयार झाली.

याच काळात कापसाच्या जागतिक व्यापारात एक मोठे स्थित्यंतर घडले. १८६१ पूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश पुरवठा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, म्हणजे निग्रो गुलामांच्या श्रमातून होत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) हा पुरवठा खंडित झाला आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांनी हिंदुस्थानातील कापसाकडे मोर्चा वळविला. चाळीसगाव-भुसावळ मार्गे आलेल्या लोहमार्गामुळे खान्देशचा कापूस मुंबई बंदरात लवकर पोहोचू लागला. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट झाल्याबद्दल तेथील जनतेचे अभिनंदन करीत महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. गुलामगिरी एका देशापुरती नसते आणि तिचे रूप प्रत्येक ठिकाणी सारखे नसते, ही जाणीव महाराष्ट्रात इतकी जुनी आहे.

इंग्रज व्यापाऱ्यांची हिंदी कापसाविषयीची मुख्य तक्रार मात्र भेसळीची होती. सरकी, पालापाचोळा, माती मिसळून वजन वाढविले जाते, असा आक्षेप होता. त्यावर उपाय म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापूस व्यापारातील लबाडीस आळा घालणारा कायदा केला व त्याच्या अंमलबजावणीसाठी निरीक्षक नेमले. तो कायदा पुढे रद्द झाला, तरी त्यामागील विचार टिकून राहिला. १९२३ चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५ चा कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायदा हे त्याच परंपरेतील होत. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे आणि त्याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. परिणामी, मुंबईत किंवा लिव्हरपूलमध्ये गाठ उघडल्यावर भेसळ आढळली, तर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली हे शोधून काढणे शक्य झाले.

आजच्या व्यवस्थापनाच्या परिभाषेत ज्याला मालाचा माग म्हणतात, तो हाच. म्हणजे पुरवठा साखळीची छाननी करणे अशक्य होते असे नाही. ती केली जात होती, पण तिचा विषय तंतूची शुद्धता हा होता. ज्या शेतातून तो तंतू आला, तेथील मजूर स्वतंत्र आहे किंवा नाही, हा रकाना कोणत्याही नोंदवहीत नव्हता.

४. उचल आणि वसाहतकालीन कायदा

१८४३ च्या पाचव्या अधिनियमाने हिंदुस्थानातील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. गुलामावरील मालकी हक्क न्यायालयात सांगता येईनासा झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने गुलामांचा व्यापार व बेकायदा सक्तीचे श्रम हे गुन्हे ठरविले. या दोन कायद्यांमुळे गुलामगिरीचा प्रश्न संपला, असा समज रूढ झाला.

परंतु याच सुमारास १८५९ चा तेरावा अधिनियम, म्हणजे कामगारांच्या करारभंगाचा कायदा, अस्तित्वात आला. कारागीर, कामगार अथवा मजूर याने आगाऊ रक्कम घेऊन काम केले नाही, तर मालक मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शकत असे. मॅजिस्ट्रेट त्याला रक्कम परत करण्याचा किंवा काम पूर्ण करण्याचा हुकूम देई आणि हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शके. प्रारंभी कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा इतरत्र लागू करण्याची मुभा होती. मालकाने वेतन बुडविल्यास त्याला तुरुंग नव्हता. मजुराने उचल घेऊन काम सोडले तर मात्र होता. गुलामावरील मालकी कायद्याने नाकारली, पण उचल दिलेल्या माणसाच्या श्रमावरील हक्क कायद्याने उचलून धरला.

हा कायदा रद्द करणारा अधिनियम १९२५ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९२६ पासून अमलात आला. कापसाच्या गाठीवर क्रमांक घालण्याचा कायदा आणि उचल घेतलेल्या मजुराला तुरुंगात पाठविणारा कायदा रद्द करणारा अधिनियम हे दोन्ही एकाच वर्षातील असावेत, हा योगायोग आहे. तथापि त्या काळच्या दृष्टीतील अंतर त्यातून स्पष्ट दिसते. गाठीची जबाबदारी निश्चित झाली. मजुराची शिक्षा रद्द झाली, पण त्याच्या हिशेबाची नोंद कोणी व कशी ठेवावी, याबाबत काहीच ठरले नाही. ती नोंद पूर्वीप्रमाणेच मालकाच्या वहीत राहिली.

५. सालदारकीचे स्वरूप

‘सालदार’ म्हणजे सालाच्या, अर्थात वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. खान्देशात हे साल अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सुरू होते आणि पुढील आखाजीला संपते. पेरणीपूर्व मशागतीच्या तोंडावर गडी ठरविणे मालकाच्या सोयीचे असते, तर मजुराच्या घरी लग्नकार्य, सणवार व पावसाळ्यातील पोटापाण्याची तरतूद यांसाठी रोख रकमेची निकड असते. या दोन गरजांच्या संधीवर बोली ठरते. ठरलेल्या रकमेपैकी काही भाग उचल म्हणून आरंभीच दिला जातो. उरलेले धान्य, कपडे व रोख या स्वरूपात वर्षभरात मिळते. बैलांचे चारापाणी, नांगरट, पाणी भरणे, राखण अशी सर्व कामे सालदाराकडे असतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वार्षिक बोली म्हणजे आपोआप गुलामगिरी नव्हे. सालदाराला वर्षअखेरीस दुसऱ्या मालकाकडे जाता येत असेल, हिशेब समजत असेल, मधेच काम सोडल्यास केवळ उरलेल्या रकमेचीच परतफेड करावी लागत असेल, तर तो वार्षिक वेतनाचा करार ठरतो. मात्र आजारपणाचे खाडे वजा होऊन साल संपताना सालदाराकडेच बाकी निघते, ती बाकी पुढील सालात ओढली जाते आणि पत्नी व मुलांचे कामही त्याच बोलीत गृहीत धरले जाते, तेव्हा कराराचे रूपांतर बंधनात होते. दोन्ही परिस्थितींत माणूस तोच, शेत तेच आणि कामही तेच असते. फरक फक्त वहीतील बाकीत आणि ती बाकी न फेडता निघून जाण्याच्या स्वातंत्र्यात असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

तुलनेसाठी दोन शेजारी प्रदेशांचा उल्लेख उपयुक्त ठरेल. दक्षिण गुजरातमध्ये दुबळा समाजातील ‘हाळी’ लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनमालकाकडे पिढ्यान्‌पिढ्या राबत असत. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये लग्नाच्या कर्जासाठी राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या मार्गदर्शनाने, डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. तिन्ही ठिकाणी सुरुवात लग्न, आजार किंवा उपासमार अशा एखाद्या निकडीच्या क्षणी घेतलेल्या लहानशा रकमेपासून होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

६. शहादा चळवळ : सालदाराचा आवाज

शिरपूरच्या पश्चिमेस असलेल्या शहादा तालुक्यात १९६० च्या दशकात सिंचन, सुधारित बियाणे व ऊस यांमुळे बागायती शेती भरभराटीला आली. या भरभराटीचा वाटा जमिनी गमावलेल्या भिल्ल सालदारांपर्यंत पोहोचला नाही. सर्वोदयी संस्कारांत वाढलेले भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग महाराज (सुरतवंती) यांनी आदिवासींवरील अन्यायाची प्रकरणे हाती घेण्यास प्रारंभ केला. मे १९७१ मध्ये म्हसावदजवळील पाटीलवाडी येथे, धान्य मागण्यास गेलेल्या आदिवासींवर गोळीबाराची घटना घडली आणि शहाद्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या वेशीवर टांगला गेला.

त्यानंतर मुंबई-पुण्याकडील तरुण कार्यकर्ते शहाद्यात आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहादा येथे भूमुक्ती मेळावा झाला व त्याच वर्षी श्रमिक संघटना आकारास आली. कुमार शिराळकर, विजय कान्हेरे, दीनानाथ मनोहर यांच्यासारखे बाहेरून आलेले कार्यकर्ते आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे स्थानिक आदिवासी कार्यकर्ते यांनी ती उभी केली. गमावलेल्या जमिनी परत मिळविणे, सालदारांच्या वेतनात वाढ व कामाच्या अटींत सुधारणा, दुष्काळात रोजगार हमीची कामे आणि पीकसंरक्षणाच्या नावाखाली नेमलेल्या राखणदारांच्या दहशतीस विरोध हे चळवळीचे प्रमुख विषय होते. भिल्ल स्त्रियांचा सहभाग हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. दारूचे गुत्ते फोडण्यात व मारहाण करणाऱ्या पुरुषांना जाब विचारण्यात त्या आघाडीवर होत्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलेल्या निबंधामुळे ती जगभरातील अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या चळवळीतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, सालदाराचा प्रश्न सर्वप्रथम सालदारांनीच मांडला. तो कोणत्याही निरीक्षकाच्या अहवालातून पुढे आला नाही. दुसरी गोष्ट अशी की, उचल नाकारण्याची ताकद सालदाराला पर्यायी रोजगारातून मिळते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेली व १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेली रोजगार हमी योजना येथे महत्त्वाची ठरते. रस्त्याच्या वा बंधाऱ्याच्या कामावर आठवड्याला मजुरी मिळत असेल, तर मालकाच्या बोलीला ‘नाही’ म्हणता येते. याच काळात आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्यासाठी राज्याने १९७४ चा विशेष कायदा केला व तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला.

महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजनाही १९७२ मध्येच सुरू झाली. शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा, हा तिचा स्तुत्य हेतू होता. त्यासाठी कापसाची प्रतवारी, वजन व चुकारे यांची विस्तृत यंत्रणा उभी राहिली. तथापि, शेतकऱ्याच्या भावाची चर्चा जितकी झाली, तितकी सालदाराच्या हिशेबाची झाली नाही. साखळीतील कागदाने शेतकऱ्याचा उंबरठा गाठला. पलीकडचे सालदाराचे खोपटे मात्र कागदाबाहेरच राहिले.

७. १९७६ चा कायदा व न्यायालयीन भूमिका

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मानवी अपव्यापार, वेठबिगार व तत्सम सक्तीच्या श्रमास मनाई केली. या मनाईला दात मिळाले ते वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने. २५ ऑक्टोबर १९७५ पासून परिणामकारक मानल्या गेलेल्या या १९७६ च्या कायद्यातील काही तरतुदी विशेष लक्षणीय आहेत. सर्व ऋणबद्ध मजूर मुक्त झाल्याचे त्याने जाहीर केले. कलम ६ नुसार त्यांची बद्ध कर्जे नष्ट झाली. कलम १५ अन्वये, घेतलेले कर्ज बद्ध कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकण्यात आली. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद झाली, तर उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा निश्चित झाली.

१८५९ च्या कायद्याशी याची तुलना केल्यास बदलाची दिशा कळते. तेथे उचल हा मजुराविरुद्धचा पुरावा होता. येथे तीच उचल मालकाविरुद्धचा पुरावा ठरते. सव्वाशे वर्षांपेक्षा कमी काळात कायद्याने पूर्ण वळण घेतले.

सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा अधिक स्पष्ट केली. एशियाड स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात (१९८२) न्यायालयाने सांगितले की, ‘सक्ती’ म्हणजे केवळ शारीरिक बळ नव्हे; दारिद्र्य व भूक यांच्यामुळे पर्यायच न उरणे हीदेखील सक्ती होय आणि किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम ठरते. बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणातील १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात, मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसल्यास त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे न्यायालय गृहीत धरील, हे तत्त्व मांडले गेले. गरीब मजुराकडे कर्जाचा कागद नसतो, याची दखल घेणारे हे तत्त्व आहे. १९८४ मधील नीरजा चौधरी प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन बजावले की, पुनर्वसनाशिवाय मुक्तता अपुरी असते. मुक्त केलेला मजूर उपाशी राहिला तर तो पुन्हा उचल घेण्यास जातो.

८. साखळीचे बदललेले रूप : उसाचा कोयता

सालदारकी गावच्या मालकाशी बांधलेली होती. १९५० च्या दशकापासून दक्षिण गुजरातमध्ये बारडोलीसारखे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या ऊसतोडीसाठी खान्देशातून दरवर्षी मजूर नेले जाऊ लागले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारडोली भागातील या मजुरांच्या स्थितीचे विवेचन केले आहे. पावसाळ्यात घरात दाणे नसताना मुकादम उचल देतो. दिवाळीच्या सुमारास कुटुंब बिऱ्हाड घेऊन निघते. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते व त्यांचा मोबदला टनावर ठरतो. हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो.

येथे ऋणबद्धतेचे रूप बदललेले दिसते. बंधन आयुष्यभराचे न राहता हंगामाचे झाले. धनी गावातला न राहता कारखाना झाला आणि दोघांमध्ये मुकादम आला. कारखाना म्हणतो की मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो की दर कारखाना ठरवितो. अशा रीतीने जबाबदारी दोघांमध्ये हरवते. पत्नीने बरोबरीने काम करूनही नोंद नवऱ्याच्या नावावर होते. त्यामुळे तिच्या श्रमाला स्वतंत्र वेतनच नसते. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा (१९७९) याच समस्येसाठी होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक व विस्थापन भत्ता अशा तरतुदी त्यात होत्या. त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा मात्र स्वतंत्रपणे कायम आहे.

९. कंपन्यांची आजची जबाबदारी व तिच्या मर्यादा

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये उद्योग व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, आदर करणे ही कंपनीची जबाबदारी आणि पीडिताला दाद मिळणे हा त्याचा हक्क, हा त्यांचा गाभा आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातील कलम ५४ नुसार ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या कामकाजातील व पुरवठा साखळीतील गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागते. मात्र, ‘आम्ही कोणतेही पाऊल उचलले नाही’ असे निवेदन दिले तरी या कलमाची पूर्तता होऊ शकते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असाच कायदा केला. भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार आघाडीच्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असून त्यात सक्तीच्या श्रमाविषयी माहिती मागविली जाते.

या उपायांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु खान्देशच्या इतिहासाच्या प्रकाशात त्यांच्या तीन मर्यादा दिसतात.

पहिली मर्यादा छाननीच्या खोलीची आहे. कंपनीची प्रश्नावली पहिल्या पुरवठादारापर्यंत, फार तर सूतगिरणीपर्यंत पोहोचते. जिनिंग कारखान्यात अनेक गावांचा कापूस एकत्र होतो आणि १७० किलोच्या गाठीवर प्रेसची खूण असली तरी शेताची नसते. १९२५ च्या नोंदवहीचा माग जेथे संपत होता, बऱ्याच अंशी तेथेच आजचाही माग संपतो.

दुसरी मर्यादा प्रश्नांच्या स्वरूपाची आहे. ‘तुमच्याकडे सक्तीचे श्रम आहेत काय?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच येणार. मालकाच्या दृष्टीने उचल ही अडचणीतील मजुराला केलेली मदत असते आणि पुष्कळदा मजूरही तिच्याकडे तसेच पाहतो. म्हणून प्रश्न निराळे विचारावे लागतात : उचल किती दिली, तिची परतफेड कोणत्या दराने होते, हिशेबाची प्रत मजुराजवळ आहे काय, मागील सालाची बाकी पुढे ओढली आहे काय, मजूर उद्या निघून गेला तर काय होईल?

तिसरी मर्यादा परिणामांची आहे. पुरवठादाराकडे दोष आढळताच करार रद्द करणे कंपनीला सोपे असते. त्यामुळे तिची साखळी कागदावर स्वच्छ होते, पण मजूर मात्र कर्जासह बेरोजगार होतो. नीरजा चौधरी प्रकरणातील न्यायालयाचा इशारा येथेही लागू पडतो. शिवाय, भाव पाडून खरेदी करणारी कंपनी आणि उत्पादनखर्चात अडकलेला शेतकरी यांच्यातील ताण शेवटी मजुराच्या हिशेबात उतरतो. लहान कोरडवाहू शेतकरी स्वतःच सावकाराचा ऋणको असेल, तर केवळ त्याच्यावर दोष ठेवून साखळीच्या वरच्या टोकाला निर्दोष मानणे न्याय्य ठरणार नाही.

१०. निष्कर्ष

१) खान्देशात गुलामगिरी १८४३ नंतर मालकीच्या रूपाने टिकली नाही, ती उचलीच्या रूपाने टिकली. तिचे साधन साखळदंड नसून खातेवही हे आहे.
२) कापसाच्या गुणवत्तेसाठी उभारलेली माग ठेवण्याची यंत्रणा श्रमाच्या स्थितीबाबत कधीच वापरली गेली नाही. यात तांत्रिक अडचणीपेक्षा प्राधान्यक्रमाचा प्रश्न अधिक होता.
३) सालदारकी व ऋणबद्धता या समानार्थी संज्ञा नाहीत. वर्षअखेरीस निघून जाण्याचे स्वातंत्र्य हा त्यांतील निर्णायक भेद आहे.
४) मजुरांची संघटना आणि पर्यायी रोजगार यांची जोड मिळाली, तेव्हाच कायद्याचा उपयोग झाला. शहादा चळवळीतून हे सिद्ध होते.
५) मध्यस्थ जितके वाढतात, तितकी जबाबदारी विरळ होते. म्हणून जबाबदारीचे वाटप स्पष्ट नसलेली कोणतीही छाननी अपुरी ठरते.

११. शिफारशी

१) जिनिंग कारखाने, सूतगिरण्या व साखर कारखाने यांनी आपल्या ठेकेदारांनी दिलेल्या उचलीची लेखी नोंद मागवावी व तिची प्रत मजुराच्या हाती द्यावी.
२) पती-पत्नीच्या जोडीऐवजी प्रत्येक व्यक्तीच्या नावे स्वतंत्र वेतन व नोंद असावी.
३) तक्रार नोंदविण्याची सोय मराठीबरोबरच अहिराणी, भिली व पावरी बोलींत असावी.
४) दोष आढळल्यास करार तोडण्यापूर्वी मजुराची कर्जमुक्ती, थकीत वेतन व मुक्तता प्रमाणपत्र यांसाठी जिल्हाधिकारी व दक्षता समितीकडे पाठपुरावा करावा आणि त्याचा खर्च खरेदीदार कंपनीने उचलावा.
५) महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आखाजीच्या बोली, ठरलेल्या रकमा व हिशेबाच्या पद्धती यांची गावनिहाय नोंद घेण्याचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत.

समारोप

अलीकडच्या काळात शिक्षण, शहरांकडील स्थलांतर व यांत्रिकीकरण यांमुळे खान्देशात सालदार मिळणे कठीण झाले आहे, अशी तक्रार शेतकरी करतात. मजुराच्या वाटाघाटीच्या सामर्थ्यात झालेली ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु जेथे सपाटीवरचा मजूर नाही म्हणू लागतो, तेथे सातपुड्याच्या आतील पाड्यांवरचा अधिक गरजू मजूर आणला जातो आणि उचलीचा व्यवहार एका डोंगररांगेने पुढे सरकतो. त्यामुळे आपल्या गावातून सालदारकी नाहीशी झाली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. कापसाची गाठ उघडून तिच्यातील कचरा मोजणारी दृष्टी आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. तीच दृष्टी आखाजीच्या दिवशी लिहिल्या जाणाऱ्या वहीकडे वळविणे, हे या प्रदेशातील उद्योग, प्रशासन आणि महाविद्यालये यांच्यासमोरील पुढील काम आहे.